'अमृत' या नावाचे भाषांतर : बंगळूरच्या एका मद्यव्यवसायी कुटुंबाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यवसायाचा इतिहास हा सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा समाजेतिहासाच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो. तौलनिक साहित्याभ्यासाने त्याकडे वळण्याचे कारण असे, की कोणताही व्यवसाय आपल्या मालाला नाव देतो आणि ते नाव अनोळखी वाचकाला वाचायला लावतो. बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी ही आकाराने लहान असली तरी संहिताच असते. तिला एक भाषा, एक लिपी आणि एक अपेक्षित वाचक असतो. तिच्यात काही गोष्टी सांगितलेल्या असतात आणि काही जाणीवपूर्वक वगळलेल्या असतात. वसाहतकालीन शहरात ही संहिता अधिक गुंतागुंतीची होते. तेथे माल एका भाषेच्या लोकांनी तयार केलेला, नाव दुसऱ्या भाषेतले, परवाना तिसऱ्या भाषेतला आणि पिणारा चौथ्याच भाषेत बोलणारा, असा प्रकार नित्याचा असतो.

प्रस्तुत लेखात बंगळूरच्या जगदाळे कुटुंबाच्या मद्यव्यवसायाचा, म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'अमृत डिस्टिलरीज'चा विचार या दृष्टीने केला आहे. हा व्यवसाय बिअरचा नसून ऊर्ध्वपातित मद्याचा आहे. तथापि माल्ट व्हिस्कीचा पहिला अर्धा प्रवास बिअरसारखाच असतो. जव भिजवून त्यांना मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांची साखर उतरवायची आणि यीस्ट घालून आंबवायचे, इथपर्यंत दोन्ही प्रक्रिया समान आहेत. पुढे ते आंबवण तांब्याच्या भट्टीत चढवले, की वाट वेगळी होते. बंगळूरमध्येही बिअरचा इतिहास आधी घडला आणि व्हिस्कीचा नंतर. म्हणून आरंभ बिअरच्या शहरापासून करणे आवश्यक आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : या कुटुंबाने सुमारे साठ वर्षांत आपल्या मालाला दिलेल्या नावांचा क्रम हा परकीय प्रतिमानाशी असलेल्या नात्याच्या तीन अवस्थांचा क्रम आहे. त्या अवस्था म्हणजे उसनवारी, अनुकरण आणि भाषांतर. भारतीय भाषांतील कादंबरी व नाटक यांच्या आधुनिक इतिहासातही याच अवस्था ओळखू येतात. मात्र तिसरी अवस्था गाठल्यावर मुक्ती मिळते, असा निष्कर्ष काढता येत नाही. तसा तो का काढता येत नाही, हेही पाहावयाचे आहे.

२. दोन शहरे

वसाहतकाळातील बंगळूर हे एक शहर नव्हते. पश्चिमेला किल्ला आणि त्याला लागून असलेली जुनी पेठ होती. पूर्वेला इंग्रजांनी १८०९ मध्ये वसवलेली लष्करी छावणी होती. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत देण्यात आले, तेव्हाही छावणीचा प्रदेश इंग्रजांनी स्वतःच्या प्रशासनाखाली ठेवला. ही दोन शहरे एका महानगरपालिकेखाली आली ती १९४९ मध्ये. तोपर्यंत पेठेत कन्नड, तेलुगू, मराठी आणि दखनी ऐकू येत असे, तर छावणीत इंग्रजी आणि तमिळ.

चामराजपेट ही पेठेकडच्या शहराची पहिली नियोजित वसाहत होय. किल्ल्याच्या पश्चिमेस १८९२ मध्ये ती आखण्यात आली आणि दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. समांतर मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे आडरस्ते ही बंगळूरच्या पुढील वसाहतींची रचना येथे प्रथम दिसली. याच भागात आज कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. परिषदेची स्थापना ५ मे १९१५ रोजी झाली. त्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, १५ मार्च १९१५ रोजी, थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील पाच बिअर कारखाने एकत्र करून 'युनायटेड ब्रुअरीज' ही कंपनी स्थापन केली होती. त्या पाच कारखान्यांची नावे कॅसल, निलगिरीज, बँगलोर ब्रुइंग, ब्रिटिश ब्रुइंग कॉर्पोरेशन आणि बीबीबी अशी होती. एका वर्षात शहराच्या एका अर्ध्या भागाने आपल्या भाषेची संस्था उभारली आणि दुसऱ्या अर्ध्या भागाशी जोडलेल्या व्यापाराने आपल्या पेयाची. या योगायोगाला कार्यकारणाचा संबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. परंतु दोन शहरांची दोन प्रकारची भूक त्यातून नेमकी लक्षात येते.

युनायटेड ब्रुअरीजच्या बिअरचा प्रमुख ग्राहक गोरा शिपाई होता. सुरुवातीच्या काळात ही बिअर मोठाल्या पिंपांतून बैलगाड्यांवर लादून पलटणींकडे जात असे. पेठेकडच्या शहराचे पेय वेगळे होते : शिंदी-माडीच्या झाडांचा आंबलेला रस, ज्याला कन्नडात 'हेंड' म्हणतात, आणि भट्टीचा अरक. ही दोन्ही पेये सरकारी मक्त्याच्या पद्धतीने विकली जात. म्हणजे पेयांचीही छावणी आणि पेठ अशी वाटणी झालेली होती.

या शहरातील मराठीचे वास्तव्य मात्र छावणीपेक्षा बरेच जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या मोहिमेत शहाजीराजे भोसले यांनी केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. संस्कृताबरोबर मराठी व इतर अनेक देशभाषांतील रचना त्यात एकत्र येतात. बंगळूरच्या मराठीचा पहिला महत्त्वाचा साहित्यिक दस्तऐवज हा असा बहुभाषिक आहे. पुढील इतिहास समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. या शहरात मराठी माणूस कधीही केवळ मराठीत राहिलेला नाही.

३. कायद्याची भाषा

भारतीय अबकारी कायद्यात मद्याचे जे वर्गीकरण आढळते, ते भाषेच्या अभ्यासकाला थबकवणारे आहे. एका बाजूस 'देशी मद्य', दुसऱ्या बाजूस 'विदेशी मद्य', आणि या दोहोंच्या मध्ये 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. हा तिसरा शब्दप्रयोग आज परवान्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि शासकीय अधिसूचनांत इतका रुळला आहे, की त्यातील विरोधाभास कोणास जाणवत नाही. वस्तू भारतात बनलेली आहे आणि तरीही ती विदेशी आहे. येथे 'विदेशी' हा शब्द उगम सांगत नाही. तो जात सांगतो. व्हिस्की, ब्रँडी, रम आणि जिन या पेयांची जात विदेशी ठरवली गेली आणि ती कोठेही जन्मली तरी विदेशीच राहिली.

या वर्गाचा कच्चा माल पाहिला तर विरोधाभास आणखी गडद होतो. भारतीय व्हिस्कीचा मोठा भाग परंपरेने साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर आधारलेला आहे. ऊस येथला, मळी येथली, भट्टी येथली. विदेशी आहे ते नाव, रंग आणि वास. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच काढलेली असली पाहिजे आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असली पाहिजे. त्यामुळे भारतात जिला कायद्याने व्हिस्की म्हणतात, तिला युरोपात ते नाव धारण करता येत नाही. एकच शब्द दोन कायद्यांत दोन वस्तूंचा वाचक होतो. भाषांतरमीमांसेत ज्याला सममूल्यतेचा प्रश्न म्हणतात, तो येथे सीमाशुल्काच्या नाक्यावर उभा राहतो.

४. दोन पेल्यांचे साहित्य

जगदाळे यांनी व्यवसाय सुरू केला त्या वेळी मद्याविषयी मराठी आणि कन्नड वाचकांच्या मनात कोणत्या प्रतिमा होत्या, हे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीतील सर्वांत प्रभावी प्रतिमा अर्थातच राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाची. ते १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर लवकरच, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद तहकूब झाल्याच्या अपमानातून तो तळीरामाच्या हातचा पहिला प्याला घेतो आणि सिंधूसह सगळ्या संसाराचा नाश ओढवतो. या नाटकातील मद्य हे शिकलेल्या, शहरी, मानी माणसाचे मद्य आहे. तळीरामाच्या टोळक्याला गडकऱ्यांनी 'आर्य मदिरामंडळ' असे भारदस्त नाव दिले. 'आर्य' आणि 'मदिरा' यांचा तो जोड सुधारणावादी सभा-मंडळांच्या भाषेचे विडंबन करतो. पुढील काळात 'भारतीय बनावटीचे विदेशी' हा जोड कायद्याने गंभीरपणे केला, एवढाच फरक.

कन्नडमध्ये १९३० च्या दशकात जी. पी. राजरत्नम यांनी 'येंड्कुडुक रत्न', म्हणजे हेंड पिणारा रत्न, हे पात्र निर्माण केले. रत्न हा कष्टकरी आहे. तो ग्रांथिक कन्नडात बोलत नाही. बोलीत, तीही पिऊन जड झालेल्या जिभेच्या बोलीत, तो गातो. त्याची प्रेमे तीन : हेंड, बायको नंजी आणि कन्नड भाषा. मराठीतील सुधाकराला पेल्याने वाणी आणि विवेक दोन्ही गमवावे लागतात. कन्नडमधील रत्नाला पेल्यानेच वाणी मिळते, आणि ती शिष्ट साहित्याला तोवर अपरिचित असलेली वाणी आहे. एकाचा प्याला मध्यमवर्गीय शोकांतिकेचा, दुसऱ्याचा श्रमिकाच्या स्वरभानाचा. या भेदामागे दोन भाषांचा स्वभाव शोधण्यापेक्षा दोन पेयांचे सामाजिक स्थान शोधणे अधिक योग्य होय.

१९४८ च्या सुमारास सार्वजनिक मत सुधाकराच्या बाजूने, म्हणजे मद्याच्या विरोधात होते. मद्रास प्रांतात १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून सुरू झालेली दारूबंदी पुढे सर्व प्रांतात पसरली; मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला; १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेध हे राज्याच्या धोरणाचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरवले. अशा काळात एखाद्या कुटुंबाने मद्याचा कारखाना काढावा आणि त्याला 'अमृत' असे नाव द्यावे, ही घटना साधी नाही.

५. तीन नावे

'अमृत डिस्टिलरीज'चे संस्थापक जे. एन. राधाकृष्ण राव जगदाळे. जगदाळे हे आडनाव मराठी इतिहासाच्या वाचकाला मसूर परगण्याच्या देशमुखीमुळे परिचित आहे. बंगळूरमध्ये त्याच्या आधी 'राव' लागतो, हा दक्षिणेतील मराठी नावांचा सर्वसामान्य शिरस्ता. कंपनी प्रथम मद्य मिसळून बाटल्यांत भरण्याचे काम करीत असे. तिचे पहिले नाव कमावलेले उत्पादन म्हणजे १९४९ मधील 'सिल्व्हर कप' ही ब्रँडी. पुढे लष्कराच्या कँटीन विभागाला होणारा रमचा पुरवठा हा तिच्या व्यवसायाचा मोठा आधार झाला. ज्या छावणीच्या गोऱ्या शिपायासाठी बिअरच्या गाड्या जात, त्याच व्यवस्थेचा वारसा आता भारतीय सैनिकाच्या रूपाने देशी उत्पादकाकडे आला.

'सिल्व्हर कप' या नावात उसनवारीची अवस्था स्पष्ट आहे. शब्द इंग्रजी, वस्तू युरोपीय, आणि प्रतिमा खेळातील करंडकाची किंवा मेजवानीच्या मेजावरील भांड्याची. 'प्याला' या शब्दाला मराठीत चिकटलेली गडकऱ्यांची छाया 'कप' या शब्दावर पडत नाही. परभाषेतील शब्द हा नैतिक स्मृती नसलेला शब्द असतो, हे व्यापाराने साहित्यसमीक्षेच्या आधी ओळखले होते. कंपनीचे नाव 'अमृत' आणि बाटलीचे नाव 'सिल्व्हर कप' अशी ही वाटणी होती.

१९७६ मध्ये राधाकृष्ण राव यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांच्याकडे व्यवसायाची सूत्रे आली. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मळीच्या मद्यार्कावर न थांबता जवापासून माल्ट काढण्याचा निर्णय घेतला. पंजाब, हरयाणा आणि राजस्थान येथील शेतकऱ्यांकडून जव आणले जात. तयार झालेले माल्ट सुमारे दीड वर्ष मुरवून ते उसाच्या मद्यार्कात मिसळले जाई आणि ते मिश्रण 'मॅकिंटॉश' या नावाने विकले जाई. म्हैसूर रस्त्यावरील कंबीपुरा येथे कारखाना आला तो याच दशकात. हा रस्ता चामराजपेटेच्या कडेने शहराबाहेर पडतो.

'मॅकिंटॉश' ही अनुकरणाची अवस्था. 'मॅक' हा स्कॉटिश आडनावांचा पूर्वपद. तो ऐकताच ग्राहकाच्या डोळ्यांपुढे डोंगराळ प्रदेश आणि धुके उभे राहावे, ही अपेक्षा. मात्र इंग्रजी लेखनात या नावाच्या मधोमध 'क्यू' हे अक्षर मोठ्या आकारात बसवलेले आहे. खऱ्या स्कॉटिश आडनावात ते नसते. अनुकरण करताना मूळ जसेच्या तसे घ्यायचे नाही, एक अक्षर वाकडे ठेवायचे, ही युक्ती भारतीय मद्यव्यवसायात अनेकांनी वापरली. वसाहतोत्तर समीक्षेत अनुकरणाविषयी जी चर्चा झाली आहे, तिचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल. हुबेहूब होण्याची इच्छा आणि हुबेहूब न होण्याची सावधगिरी एकाच शब्दात शेजारी बसली आहेत.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. बंगळूरच्याच खोडे कुटुंबाची कंपनी १९६८ पासून 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की बनवीत होती. 'स्कॉट' या शब्दामुळे ग्राहकाचा माल स्कॉटलंडचा असल्याचा समज होतो, अशी स्कॉच व्हिस्की असोसिएशनची तक्रार होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २००८ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. असोसिएशनने हरकत घेण्यास फार विलंब केला, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. असे मद्य विकत घेणारा ग्राहक जाणता असतो, तो सहज फसत नाही, असाही विचार न्यायालयाने केला. वाचक कोण आहे आणि तो संहिता कशी वाचतो, हा प्रश्न येथे न्यायनिवाड्याचा आधार झालेला दिसतो.

तिसरी अवस्था सुरू होते ती २००१ च्या सुमारास. कंपनीजवळ मुरलेल्या माल्टचा साठा वाढला होता. नीलकंठ रावांचे पुत्र रक्षित जगदाळे इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होते. ब्रिटनमध्ये भारतीय सिंगल माल्ट विकता येईल काय, याची पाहणी हाच त्यांच्या प्रबंधिकेचा विषय झाला. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीचे, केवळ माल्ट केलेल्या जवाचे, मळीची भेसळ नसलेले मद्य. २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगो शहरातील 'कॅफे इंडिया' या उपाहारगृहात ते सादर करण्यात आले. त्याचे नाव ना इंग्रजी होते, ना स्कॉटिश. ते होते 'अमृत'. छप्पन्न वर्षे कंपनीच्या पाटीवर असलेला शब्द व्हिस्कीच्या बाटलीवर उतरला, आणि तोही व्हिस्कीच्या माहेरी.

६. शब्दाचे आणि काळाचे भाषांतर

या नावाच्या इंग्रजी लेखनाकडे बारकाईने पाहावे. हिंदी भाषक 'ऋ'चा उच्चार 'रि' असा करतो. मराठी, कन्नड आणि गुजराती भाषक तो 'रु' असा करतात. बाटलीवर 'आर'पुढे 'यू' आहे, 'आय' नाही. शिवाय शब्दाच्या अखेरचा 'अ' लिहिलेला नाही. कन्नड भाषक हा अंत्य स्वर उच्चारतो. मराठी भाषक तो गाळतो. अशा लेखनाला इंग्रजी वळणाचेही कारण असू शकते. त्यामुळे यावरून कुटुंबाच्या घरगुती भाषेविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. तरीही ग्लासगोच्या मांडणीवर जो शब्द पोहोचला, त्यात उत्तरेचा उच्चार नसून दख्खनचा उच्चार आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्युत्पत्तीची आहे. 'व्हिस्की' हा शब्द गेलिक भाषेतील 'उश्के बेहा' या जोडशब्दाच्या पहिल्या पदावरून आला, आणि त्या जोडशब्दाचा अर्थ 'जीवनाचे पाणी'. तो मध्ययुगीन लॅटिनमधील 'अक्वा व्हिटे' या संज्ञेचा अनुवाद होता. फ्रेंचमधील 'ओ द व्ही' हाही तिचाच अनुवाद. म्हणजे युरोपात या पेयाचे नाव भाषांतरातूनच भाषेभाषेत फिरत आले आहे. 'अमृत' हा शब्द या मालिकेत ठेवला, की तो आगंतुक वाटत नाही. 'अमृत व्हिस्की' म्हणणे हे 'पिवळा पीतांबर' म्हणण्यासारखे आहे : एकच अर्थ दोन भाषांत दोनदा. १९४८ मध्ये नाव ठेवताना हा संबंध मनात होता असे मानण्याचे कारण नाही. पण भाषांतराच्या इतिहासात अभावितपणे जुळलेले समानार्थही अर्थपूर्ण असतात.

नाव भाषांतरित झाले. काळ भाषांतरित करणे अधिक अवघड होते. स्कॉच व्हिस्कीची प्रतिष्ठा बाटलीवरील वर्षांच्या आकड्यात असते. किमान मुरवणीचा कायदा ब्रिटनमध्ये प्रथम १९१५ मध्ये झाला आणि लवकरच ती मर्यादा तीन वर्षांची झाली. थंड, दमट हवेत पिंपातील मद्य वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असले, तरी तेथील उष्ण, कोरड्या हवेत ही घट दहा ते बारा टक्क्यांपर्यंत जाते. उष्णतेने मद्य लाकडात अधिक शिरते आणि लाकडाचा गुण लवकर उचलते. कंपनीच्या जाणकारांचा अंदाज असा, की बंगळूरचे एक वर्ष स्कॉटलंडच्या तीन वर्षांबरोबर असते. हे खरे मानले, तर 'बारा वर्षे' या शब्दांना बंगळूरमध्ये तोच अर्थ उरत नाही. आणि बारा वर्षे वाट पाहिली, तर पिंपात फारसे काही उरणारही नाही. म्हणून 'अमृत'च्या बहुतेक बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो. दुसऱ्याच्या मोजपट्टीने मोजले तर आपले वय कमी भरते, या अडचणीवर मोजपट्टीच बाजूला ठेवणे हा उपाय योजलेला दिसतो.

उडून जाणाऱ्या मद्याला स्कॉटलंडमध्ये 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. २०१३ मध्ये कंपनीने आठ वर्षे मुरलेली व्हिस्की काढली, तेव्हा तिचे नाव इंग्रजीत ठेवले, पण त्याचा अर्थ होता 'लोभी देवदूत'. परक्या भाषेतील रूढ वाक्प्रचार घेऊन त्यात स्वतःच्या हवामानाची थट्टा मिसळण्याइतका आत्मविश्वास आता आला होता. 'मॅकिंटॉश'मध्ये मूळ लपवण्याची धडपड होती. येथे मूळाशी संवाद आहे. 'फ्यूजन' या नावाच्या मद्यात भारतीय जवांबरोबर एक चतुर्थांश जव स्कॉटलंडचे, पीटच्या धुरावर वाळवलेले, वापरले जातात. नावाने ते मिश्रण झाकलेले नाही. उलट त्यालाच शीर्षक केले आहे.

७. पंगतीचा प्रश्न

येथपर्यंतचा इतिहास प्रगतीच्या कथेसारखा वाचता येतो. जिम मरे या इंग्रज समीक्षकाने आपल्या वार्षिक व्हिस्की-मार्गदर्शिकेच्या २००५ च्या आवृत्तीत 'अमृत'ला शंभरपैकी ८२ गुण दिले होते; २०१० च्या आवृत्तीत 'फ्यूजन'ला ९७ गुण देऊन त्याने तिला जगातील तिसरी उत्तम व्हिस्की ठरवले. त्याच वर्षी कंपनीने आपले सिंगल माल्ट बंगळूरच्या बाजारात आणले. घटनांचा हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. बंगळूरात जन्मलेली वस्तू बंगळूरात आली ती ग्लासगोनंतर सहा वर्षांनी, परक्या समीक्षकाची मोहोर उमटत असताना. १९१२ मध्ये इंग्रजी 'गीतांजली' निघाली, १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर रवींद्रनाथांचे देशातील स्थान बदलले, हा क्रम भारतीय साहित्याच्या वाचकाला परिचित आहे. शब्द आपला असला तरी त्याच्या गुणवत्तेचा निवाडा करणारे पीठ कोठे आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

कुटुंबाच्या संदर्भातही तुलना करण्याजोगी आहे. मंगळूरजवळच्या बंटवाळ येथील कोकणीभाषक मल्ल्या कुटुंबातील विठ्ठल मल्ल्या १९४७ मध्ये युनायटेड ब्रुअरीजचे पहिले भारतीय संचालक झाले. लीशमनची कंपनी अशा रीतीने भारतीय कुटुंबाच्या हाती आली. विठ्ठल मल्ल्या यांचे १९८३ मध्ये निधन झाले. पुढच्या पिढीत विस्तार अफाट झाला आणि कर्जही. समूहाचा मद्यविभाग २०१३ पासून टप्प्याटप्प्याने ब्रिटनच्या दियाजिओ कंपनीकडे गेला आणि बिअरचा विभाग २०२१ मध्ये हॉलंडच्या हायनेकेन कंपनीच्या ताब्यात गेला. जुन्या बिअर कारखान्याच्या जागेवर आज उंच व्यापारी इमारती आहेत. जगदाळे यांचा व्यवसाय आकाराने पुष्कळ लहान; परंतु मे २०१९ मध्ये नीलकंठ राव जगदाळे यांचे निधन झाल्यावरही तो कुटुंबाच्याच हाती राहिला. दोन कुटुंबांच्या इतिहासातील हा फरक केवळ सचोटीचा किंवा दैवाचा मानता येणार नाही. बिअर लवकर विकावी लागते. तिला प्रमाण, वेग आणि जाहिरात हवी असते. मुरवायच्या मद्याला जागा, सबुरी आणि दरवर्षी दहा टक्के घट सोसण्याची तयारी हवी असते. वस्तूचा काळ आणि कुटुंबाचा काळ यांचे नाते येथे तपासण्याजोगे आहे.

शेवटी 'अमृत' या शब्दाच्या कथेकडे वळावे लागते. समुद्रमंथनातून अमृत निघाले तसे हलाहलही निघाले आणि वारुणी, म्हणजे सुरा, हीदेखील त्याच मंथनातून निघाली. भागवत परंपरेत वारुणी असुरांनी घेतली. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात मात्र तिचा स्वीकार करणारे ते सुर आणि न करणारे ते असुर, अशी उलट व्युत्पत्ती येते. म्हणजे अमृत आणि सुरा यांमधील सीमारेषा पुराणांतही स्थिर नाही. कथेचा खरा भर वस्तूपेक्षा वाटपावर आहे. अमृत कोणाच्या पंगतीत वाढायचे, यासाठी मोहिनी अवतरते, आणि पंगतीत वेष पालटून बसलेल्या राहूचे शिर उडते.

वरील इतिहास या कथेच्या प्रकाशात पाहिला, तर त्यातील यश आणि मर्यादा दोन्ही दिसतात. 'मॅकिंटॉश' हा वेष पालटून पंगतीत बसण्याचा प्रयत्न होता. 'अमृत' स्वतःच्या नावाने बसले आणि त्याला वाढले गेले. पण पंगतीचे नियम, म्हणजे धान्य कोणते, वर्षे किती, गुण देणार कोण, हे ज्यांनी ठरवले त्यांनीच ठरवलेले राहिले. आणि त्याच काळात बंगळूरच्या दुसऱ्या पंगतीत उलट घडले. कर्नाटक शासनाने २००७ मध्ये अरकावर बंदी घातली. गरिबाच्या 'देशी' पेयाचे नाव कायदेशीर भाषेतून गेले, आणि 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हेच त्याच्यापुढे उरले. ते पाऊल लोकहिताचे होते की नाही, हा वेगळा वाद आहे, आणि सुधाकराच्या शोकांतिकेचे वजन त्यात नाकारता येणार नाही. परंतु भाषेच्या बाजूने पाहता एक गोष्ट दिसते. देशी शब्दाला ग्लासगोत मान मिळाला, त्याच्या मागेपुढेच देशी पेयाला घरच्या परवान्यात जागा उरली नाही. रत्नाचा गळा ज्या पेयांच्या जगातून फुटला, ते जग अमृताच्या पंगतीबाहेरच राहिले.

म्हणून तीन नावांच्या या प्रवासाला पराधीनतेकडून स्वत्वाकडे गेलेली सरळ रेषा मानू नये. भाषांतराने एका शब्दाला दोन ठिकाणी मान मिळवून देता येतो. तो मान कोणत्या वर्गाच्या पदरात पडतो, हे भाषांतर ठरवीत नाही. तौलनिक साहित्याभ्यास संहितांच्या प्रवासाचा अभ्यास करतो, तेव्हा पोहोचलेल्या शब्दांइतकीच मागे राहिलेल्या शब्दांची नोंद ठेवणे त्याला आवश्यक आहे. बंगळूरच्या एका मराठी आडनावाच्या कुटुंबाचा हा व्यवसायेतिहास त्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.